तळ्याकडची दोरी

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज शिट्टीचा. सुभेदार उजाडायच्या आत उठतात, मफलर गुंडाळतात आणि मागच्या दारात उभे राहून शिट्टी मारतात. सुभेदार म्हणजे आमचे हे. फौजेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गाव अजून सुभेदारच म्हणतं, म्हणून मीही म्हणते. शिट्टी ऐकून कुत्रा धावत येतो आणि मग जे सुरू होतं ते मी ओट्यापाशी उभी राहून रोज ऐकते.

"आ जा बेटा, आ जा. ठंड लगी क्या मेरे शेर को?"

कुत्रा इथलाच, मेंढपाळांकडून आणलेला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी हिंदी ऐकली नसेल. पण सुभेदारांची सगळी माया त्या भाषेतच राहिली. आमच्या वाट्याला मराठी आली. "चहा." "पाणी तापलं का?" "आगं, भांडी आदळू नगंस, पाखरं उडत्यात." आमचा मुलगा लहानपणी बाप सुट्टीवर आला की माझ्या पदरामागे लपायचा. त्याला कधी कुणी बेटा म्हटलं नाही.

हे घर साताऱ्याच्या दुष्काळी बाजूला, गावच्या तळ्याच्या काठावर आहे. मला कराडात राहायचं होतं, लेकीजवळ, चार माणसांत. यांनी सांगितलं, डोळ्यापुढं पाणी पाहिजे. म्हटलं, असू दे. लग्नापासून आम्ही फक्त सुट्टीपुरते एकत्र राहिलेलो. आता हा माणूस घरी असेल, सकाळी मागच्या पायरीवर दोघं बसू, बोलू. बोलायचं किती साठवून ठेवलं होतं मी! ते सगळं तसंच राहिलं.

थंडीत तळ्यावर चक्रवाक येतात, भगव्या रंगाचे, जोडीजोडीने. ते आले की घरात हुकूम सुटतात. रेडिओ लावायचा नाही. मोठ्याने हाक मारायची नाही. लाल साडी तळ्याकडच्या दोरीवर वाळत घालायची नाही. पुढे पुढे तर ती दोरीच सोडून रस्त्याकडच्या भिंतीला बांधली, लिंबाच्या सावलीत.

"आवं, तिकडं धुणं वाळत न्हाई," मी म्हटलं.

"पाखरं लय लांबनं आल्यात. त्यांचं बघाय नगं?"

मी तासगावचं माहेर सोडून आले, ते काय जवळून आले होते? पण हे मनातच म्हटलं.

रोज सकाळी ते पायरीवरून मोबाईलवर फोटो काढतात. तळं, पाखरं, कुत्रा. जुन्या साथीदारांच्या ग्रुपवर टाकतात आणि शाबासक्या वाचत बसतात. एकदा फोटोत चहाची कपबशी आली होती, सोबत ती धरणारा माझा हातही. त्यांनी तो हात कापला आणि मग फोटो पाठवला. मी मागेच उभी होते.

यंदा थंडीच्या सुरुवातीला नळाला पाणी नव्हतं म्हणून मी बादली घेऊन तळ्यावर उतरले. शेवाळावरून पाय सटकला आणि हात अंगाखाली सापडला. मी किंचाळले. तळ्यावरची सगळी पाखरं एकदम उठली. कुत्रा आधी पोचला आणि माझ्याभोवती फिरून भुंकायला लागला. मग सुभेदार धावत आले. त्यांनी पहिल्यांदा आभाळात बघितलं. मग खाली वाकले, कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्या आवाजात विचारलं, "क्या हुआ बेटा?"

"त्येला न्हाई, मला झालंय," मी म्हटलं.

तेव्हा कुठे माझ्याकडे वळले. "बगून चालाय येत न्हाई व्हय?"

दवाखान्याच्या बाबतीत त्यांनी कुचराई केली नाही. कराडला नेलं, रांगेत उभे राहिले, गोळ्या आणल्या, माझी पिशवी धरली. हे मी नाकारत नाही. पण अख्ख्या वाटेत एक शब्द नाही. मी खिडकीबाहेर तोंड करून रडत होते, आणि हाताचं दुखणं त्यातलं अगदी थोडं होतं. लेक म्हणाली, "आई, बाबांचा सभावच तसला हाय." स्वभावच असता तर कुत्र्यालाही तसाच मिळाला असता.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी दोरी सोडून पुन्हा तळ्याकडे बांधली आणि माझी सगळ्यात लाल साडी तिच्यावर घातली. सुभेदार दारात उभे राहून बघत होते. पाखरं भुर्रकन उडाली, एक गिरकी घेऊन पलीकडच्या काठाला बसली. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्यामुळे काहीतरी हललं होतं.

आठवडाभर उडाली. मग उडायची थांबली. आता साडी फडफडते, बांगड्या वाजतात, मी मुद्दाम भांडी आदळते, पण एक पाखरू मान वर करत नाही. त्यांनाही माझी सवय झाली.

रोज सकाळी मी त्या दोरीपाशी धुणं झटकत असते. मागून हाक येते, "आ जा बेटा." आणि अजूनही, दर वेळी, मी वळून बघते.