पदराची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सिस्टरांना नाही. दर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या आधी फादरांपुढे गुडघे टेकते, 'खोटं बोलले' एवढं म्हणते आणि उठते. कुठलं खोटं? त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

अंबाजोगाईत सिस्टर लोकांचा बेघरांसाठी आश्रम आहे. तिथे मी बारा वर्षं कामाला आहे. रस्त्यावरून आणलेल्या बायकांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, भरवायचं. मला कामाचा कंटाळा नाही — निदान मी स्वतःला तसं सांगते. नवीन बाई आली की उवा-खरजेमुळे तिचे कपडे पाण्याच्या बंबात जाळायचे. पण जाळण्याआधी कनवटी, पिशवी, पदराची गाठ, सगळं सोडून बघायचं. मोठ्या सिस्टरांचा हा एकच नियम कडक होता. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचा सगळा संसार पदराच्या गाठीत असतो, हे त्या केरळच्या बाईलाही कळलं होतं. मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. माझी आईही तशीच गाठ मारायची.

भागूबाई आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. चुकीच्या एसटीत बसून आली आणि स्टँडवरच तीन दिवस बसून राहिली. गाव विचारलं तर "वाडी" म्हणायची. आता बीड जिल्ह्यात वाड्या काय कमी आहेत? लेक कुठे? "टोळीत हाय." ऊस तोडायला अर्धा जिल्हा जातो, कुठल्या टोळीत शोधायचा?

मी लुगडं सोडायला लागले, तर तिनं पदर घट्ट धरला. "गाठ... लेकानं बांधलीय गं." मी हिसकला. हो, हिसकलाच. उवा वळवळत होत्या, वास नाकात भरला होता, बाहेर अजून दोघीजणी ताटकळत होत्या. गाठ माझ्या बोटांना लागली. आत काहीतरी कडक होतं. गाठीवर गाठ, घामानं आवळलेली — सोडायला कितीसा वेळ लागला असता? मी लुगडं तसंच बंबात कोंबलं. तिच्या दुसऱ्या बादलीचं पाणी त्यावरच तापलं.

संध्याकाळी सिस्टरांनी विचारलं, "गाठ सोडून पाहिलीस?"

"पाहिली. चिमूटभर तंबाखू होती."

तंबाखू का म्हणाले? 'रिकामी होती' म्हटलं असतं तरी चाललं असतं की. पण रिकामी गाठ कोण मारतं? खोट्यालाही थोडं मीठ लागतं. ते मला लगेच सुचलं, याचीच मला जास्त भीती वाटते.

भागूबाई चार महिने आमच्याकडे होती. नव्या लुगड्याचा पदर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत बसायची. "माझी गाठ कुनी नेली?" — सगळ्यांना विचारायची. मला नाही. मी दिसले की गप्प व्हायची. स्वतःचं गाव विसरलेली बाई — ते मात्र विसरली नव्हती. गुढीपाडव्याच्या आधी तापानं गेली.

पंधरा दिवसांनी लेक आला. आम्ही स्टँडवर लावलेला फोटो कुणीतरी ओळखला होता. पालीजवळच्या एका वाडीचा माणूस. त्याला चहा मीच दिला.

"शेजारणीपाशी ठिवून गेलतो," तो म्हणाला. "लई इसरायची माय. म्हनून मुकादमाचा नंबर लिवून पदराला बांधला. दोन गाठी मारल्या म्या, सोताच्या हातानं."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडायचं, एवढंच तर होतं. मी कपबशी उचलत म्हणाले, "दादा, गाठीत तंबाखू होती."

"माय तंबाखूला शिवत बी न्हवती," तो म्हणाला. "म्या खातो." आणि मग एकदम — "चिठ्ठी टाकून दिली आन् माझ्यासाठी तंबाखू बांधून ठिवली व्हय गं माय!" ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पदर हिसकलेला तोच हात.

आता दरवर्षी टोळी परतली की तो येतो. आश्रमाला ज्वारीचं पोतं आणतो. मला मावशी म्हणतो. तंबाखू त्यानं तेव्हापासून सोडली आहे. मायनं जपून ठेवलेली ती शेवटची, म्हणतो. आणि निघताना दरवेळी विचारतो, "केवढी व्हती वो, मावशी?"

मी बोटं जुळवून चिमूट दाखवते. तो त्या चिमटीकडे डोळे भरून बघतो आणि जातो.

यंदाही दाखवली.