स्कूटरवरचं चिलखत

वाघोलीच्या सिग्नलला रोज सकाळी एक काकू दिसायच्या. पंजाबी ड्रेसवर रायडिंग जॅकेट, गुडघ्यांना गार्ड, जाड हातमोजे, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट. आणि खाली गाडी कोणती, तर जुनाट स्कूटर. ऑफिसात मी त्यांची नक्कल करायचो आणि लोक चहा सांडेपर्यंत हसायचे.

एकदा माझ्या बाईकच्या शेजारीच येऊन थांबल्या. मी विचारलं, "काकू, लडाखला का?"

"नाही, नारायण पेठेत. लडाखला रस्ते बरे असतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपलं हेल्मेट कोपराला? मेंदू तिथं असतो वाटतं."

त्याच पुढं बोलल्या, "दोनदा पडलेय मी. आता नुसतं खरचटलं तरी मुलगा किल्ली काढून घेणार. मग जन्मभर त्याच्या मागं बसून 'हळू रे' म्हणत फिरायचं. ते नको म्हणून हा थाट. आणि हे सगळं घातलं की हात थरथरत नाहीत."

सिग्नल सुटला. काकू रस्त्याच्या मधोमध सायकलच्या वेगानं निघाल्या. मागून बसवाल्यानं हॉर्न दाबून धरला. काकूंनी वळूनसुद्धा न बघता हातमोज्यातला हात वर केला. थांब्यावर कधी न थांबणारी ती बस तिथं थांबली.