पिराजीच्या गिटारीचं दुखणं

राजारामपुरीत पाचव्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "पिराजी चौगले कुठं राहतात?" असं विचारलंत, तर समोरचा उलट तुम्हालाच विचारेल, "कोन, ते दंगा करनारं व्हय?" मनावर घेऊ नका. माणूस साधा आहे. उद्यमनगरात जन्मभर लेथ चालवून निवृत्त झाला, सकाळी पिशवी घेऊन दूध आणतो, येता-जाता मारुतीला हात जोडतो. पण दुपारी जेवण झालं की दार-खिडक्या लावून घेतो, भिंतींना वाकळा टांगतो आणि गिटारीतून असा काही आवाज काढतो की खालच्या मजल्यावरच्या क्लासातली पोरं बेरीज विसरतात. हेवी रॉक! नाव पिराजी आणि नाद हेवी रॉकचा. देवानं या दोन गोष्टी एकाच माणसात कशा कोंबल्या, ते त्यालाच ठाऊक.

माझी त्याची ओळख 'ऑर्केस्ट्रा धूमकेतू'पासूनची. मी त्यात निवेदक होतो. म्हणजे गायिका साडी बदलून येईपर्यंत लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं. तेव्हा लागलेली तोंडाची सवय अजून सुटलेली नाही, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे. निसार अत्तार ड्रमवर. दिवसा त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. आणि गिटारवर पिराजी. ती लाल गिटार त्यानं कलकत्त्याहून रेल्वे पार्सलनं मागवली होती. स्टेशनवरून टांग्यात घालून आणली तेव्हा हा स्वतः टपावर पाय सोडून बसला आणि गिटार आत गादीवर.

पुण्याहून कुणीतरी त्याला एक इंग्रजी कॅसेट आणून दिली आणि तिथून तो बिघडला. गिटार गुरगुरली पाहिजे, तिनं कान फाडले पाहिजेत, असं काहीतरी बोलायला लागला. ऑर्केस्ट्राच्या मालकांना हे कुठलं पटायला! ते म्हणायचे, "पिराजी, गिटार कशी पायजे? नव्या नवरीवानी. दिसली पायजे, बोलली न्हाय पायजे." त्यामुळं बिचारा जन्मभर गाण्यांच्या मागं टुणटुण करत राहिला.

पण त्यानं स्वतःची एक धून बांधली होती. तिला नाव नव्हतं. ती ऑर्केस्ट्रात एकदाच वाजली, इचलकरंजीजवळच्या कबनूरला, गणपतीत. त्या दिवशी गायिकेचा घसा बसला, माझे विनोद संपले आणि मालक विडी ओढायला मांडवामागं गेलेले. पिराजीनं संधी साधली. अॅम्प्लिफायरची होती तेवढी बटणं उजवीकडं पिरगाळली आणि सुटला. समोर यंत्रमागावरची माणसं बसलेली, पाळी संपवून थेट आलेली. मला वाटलं, आता चपला येणार. तर पुढं बसलेला एकजण मान हलवायला लागला आणि ओरडला, "आरं, हे तर आमच्या शेडातलंच हाय की!" मग काय, खटाक-खटाक त्या ठोक्यावर सगळा मांडव डुलायला लागला. मालकांनी पळत येऊन वायर उपसली, तेव्हा लोकांनी मालकांना जे शब्द वापरले ते मी निवेदक असूनही इथं निवेदन करू शकत नाही.

बायकांच्या बाजूला शालू बसली होती. तिच्या वडलांचे कबनुरात माग. त्यानंतर पिराजीला कबनूरची कामं फार निघायला लागली. विचारलं की म्हणायचा, "मागाचं सुटं भाग बगायला गेलतो." कसले सुटे भाग, ते मी त्या वेळी कोल्हापुरापासून इचलकरंजीपर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं. ते लग्न इतक्या लवकर उरकलं याचं श्रेय माझ्याकडं आहे, पण आहेरात मला साधा टॉवेल मिळाला.

पुढं डॉल्बी आली. भिंतीएवढे स्पीकर ट्रॅक्टरवर चढले आणि वाजवणारी माणसं खाली उतरली. धूमकेतू मावळला. गिटार गवसणीत घालून कपाटावर गेली आणि तिथंच राहिली.

निवृत्त झाल्यावर एके दिवशी पिराजी मला घरी ओढून घेऊन गेला. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला एक वीतभर डबी, डबीला गिटार.

"बापू, आता स्टुडिओ लागत न्हाय. अॅम्प्लिफायरबी ह्याच्या पोटातच हाय. घरात बसून रेकॉर्डिंग हुतंय."

"मग कर की. कुनी धरलंय?"

"ती माझी धून हाय न्हवं, ती एकदा धरून ठेवायची हाय. कबनूरला वाजली तशी. अगदी तशी. मी गेल्यावर ती कुठं ऱ्हानार सांग?"

चेष्टा करायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

त्यानं वाजवली आणि त्याचंच तोंड उतरलं. "गोनपाटात गुंडाळल्यागत वाटत्या," म्हणाला. मलाही वाटलं. निसारला बोलावलं, त्यालाही वाटलं. निसारनं लगेच रोग सांगितला: पिकअप म्हातारं झालंय.

तुमच्या माहितीसाठी सांगतो. गिटारीच्या तारांखाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणायचं. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे वेढे. वरची तार थरथरली की ही पट्टी ती थरथर पकडते आणि वायरीतून पुढं धाडते. जुन्या गिटारीतलं पिकअप एकाच वेटोळ्याचं होतं. हेवी वाजवायला आवाज चढवला की ते "घूं" असं कण्हायला लागायचं. हल्ली दोन वेटोळ्यांचं मिळतं, हमबकर म्हणतात. एकातली घूं दुसऱ्यातली घूं मारून टाकते आणि दणका मात्र दुप्पट. निसार म्हणाला, जुन्याच खाचेत बसेल असं बारक्या अंगाचंही येतं, गिटार कोरायला नको.

ते पार्सलनं आलं. निसारनं चष्मा कपाळावर चढवून झाळकाम केलं. आम्ही तिघं पंच खुर्च्या टाकून बसलो. पिराजीनं वाजवलं, रेकॉर्ड केलं, परत लावलं.

"घूं गेली," पिराजी म्हणाला, "पन धार न्हाय."

"धार न्हाय," निसार म्हणाला.

"धारच न्हाय," मी म्हणालो. निवेदकाला थोडं वाढवून सांगावं लागतं.

शालूवहिनी स्वयंपाकघरातून काहीतरी बोलल्या. आम्ही "व्हय, टाका की" म्हणालो. चहा आला.

दुसरं पिकअप मागवलं, जादा ताकदीच्या चुंबकाचं. पंचांचा निकाल तोच. मग तिसरं, त्याहून तिखट. शिवाय निसारनं आवाजाच्या बटणाखालचा भाग बदलला. म्हणाला, जुना भाग वरचे बारीक सूर गिळतो, हा गिळणार नाही. "जरा आली धार," पिराजी म्हणाला, "पन कबनूरची न्हवं."

इकडं खालच्या क्लासचे पृथ्वीराज सर हात जोडून वर आले. "काका, तुमचं वाजायला लागलं की माझ्या दातात कळ येत्या हो." समोरच्या घरातलं कुत्रं पिराजी गिटार घेऊन बसताच पळून कोपऱ्यावरच्या रिक्षाखाली जायचं. शालूवहिनींनी कानात कापूस घातला. आम्ही तिघं हसलो. निसार म्हणाला, "आताच्या लोकान्ला मोठा आवाज सोसतच न्हाय." मी म्हणालो, "कानच न्हाईत बघ." पिराजीनं चौथं पिकअप शोधायला घेतलं.

आणि मग तो सोमवार आला. भरदुपारची वेळ, वहिनी कुणाच्या तरी बारशाला गेलेल्या. पिराजीचा हात त्या दिवशी असा काही चालला की बस्स! पहिल्यांदाच सगळी धून न चुकता वाजत होती. पंखा बंद, कारण पंख्याच्या घरघरीत बारीक सूर ऐकू येत नाहीत, असं निसारचं म्हणणं. निसार डोळे मिटून मांडीवर ठेका धरून. मी घाम पुसत. शेवटाकडं आला, एवढ्यात दार धाडकन उघडून वहिनी आत.

"अवो, काय बहिरी झालासा काय समदी? खालनं जिन्यातनं ऐकतोय मी! ते केवढ्यानं बोंबलतंय!"

"काय बोंबलतंय?"

त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. वीज गेली होती. कॉम्प्युटर आणि स्पीकर आता ज्या बॅटरीच्या डब्यावर चालले होते, त्या यूपीएसचा लाल दिवा उघडमीट करत होता. आम्ही तिघं वाकलो. कान डब्याला लावले. वहिनी म्हणत होत्या, "टीं टीं टीं, कानाला भोकं पडाय लागल्यात." आम्हाला काही नाही. अगदी काही नाही. आणि आम्ही वाकलेले असतानाच पडदा काळा झाला, आणि धून गेली.

 तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिघांनाही एकदमच कळलं. धूमकेतूत आम्ही तिघं एकाच स्पीकरच्या पुढ्यात वर्षानुवर्षं उभे. वर पिराजीचा जन्म लेथच्या करकरीत गेलेला. बहिऱ्यानं बहिऱ्यांनाच पंच नेमलं होतं, आणि आम्ही तीन-तीन पिकअपांना फाशी दिली होती!

मी काहीतरी विनोद केला. कुणी हसलं नाही. ऐकू आला नसेल म्हणावं, तर तेही नाही.

राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी पिराजीला कागदावर रेघ काढून दाखवली. खालचे सूर ठीक, वरच्या सुरांकडं रेघ टेकडीवरून घसरल्यासारखी. मशीन दिलं. मशीन लावून बोलणं चांगलं ऐकू यायला लागलं, पण गिटार वाजवली की पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाटायची. पिराजीनं ती गवसणीत घातली.

"धार असली तरी मला कळनार न्हाय, बापू," तो म्हणाला. "नसली तरी कळनार न्हाय. मग धरायचं काय?"

त्याला मी पहिल्यांदाच असा खालच्या आवाजात बोलताना ऐकला. म्हणजे ओठांवरून ओळखला.

पुढच्या आठवड्यात वहिनींनीच आम्हाला बोलावणं धाडलं. गेलो तर गिटार टेबलावर उघडी आणि वहिनी कमरेला पदर खोचून उभ्या.

"निसारभाई, पार्सलनं आलेलं पैलं पिकअप कुठाय?"

"डब्यात हाय की, भाभी. पन त्यात धार..."

"गप बसा. तेच घाला. तवाच म्हनलं हुतं मी, आता चांगलं झालं, ह्यात कायबी करू नका. तर तुमी तिघं म्हनलासा, 'व्हय, टाका की.' मग टाकला चहा!"

पिराजी खुर्चीतून म्हणाला, "शालू, तुला काय कळतंय गिटारीतलं?"

"गिटारीतलं कळत न्हाय. तुमची कळत्या. लगीन झाल्यापासनं ऐकतोय न्हवं मी? दुसरं कोन ऐकत हुतं हितं?"

पिराजीनं गिटार निसारपुढं सरकवली. माझ्याकडं यावर उत्तर होतं, पण वहिनींच्या हातात लाटणं होतं.

निसारनं पहिलं पिकअप बसवलं. वहिनींनी त्याच्याबरोबर बटणाखालचा जुना भागही परत घालायला लावला. मग वहिनी कॉम्प्युटरपुढं बसल्या. निसार एकेक गोष्ट कमीजास्त करत होता, त्या मान हलवत होत्या. "ते गुरगुरायचं बटान कमी करा. अजून. अजून करा की, भ्यायलासा काय! चटनी जादा झाल्यावर मटन कुठलं न् बटाटा कुठला कळंना, तसं झालंय." निसार पुटपुटला, एवढं कमी केल्यावर हेवी कसं राहणार? वहिनी म्हणाल्या, वाजवून तर बघा. पिराजीनं वाजवलं. मग निसारनं तेच पुन्हा एकदा वाजवून घेतलं आणि एक डाव्या स्पीकरला, एक उजव्या स्पीकरला लावलं, म्हणजे दोन गिटारी एकदम गुरगुरल्यासारखं. माझ्या छातीत दणका बसला, तेवढं मला कळलं. बाकीचं कळायला मी कुठला!

धून संपली. पिराजीनं गिटार मांडीवरून खाली ठेवली नाही. "झाली काय गं? कबनूरला हुती तशी?"

वहिनींनी पदरानं कॉम्प्युटरचा पडदा पुसला. मला वाटलं, आता या त्याचं मन राखायला व्हय म्हणणार.

"तशी न्हाय," त्या म्हणाल्या. "तवा तुमी भ्यालेला हुतासा, म्हनून निसती पळापळ हुती. आता दमानं वाजवलासा. आवाज त्योच हाय. पन मला ही बरी वाटत्या."

पिराजीनं मान डोलावली आणि कॉम्प्युटरवर ती जपून ठेवली. स्वतः पुन्हा ऐकून बघितली नाही. बायकोनं सांगितलं, बास.

आता त्यानं नव्या धुनी बांधायला घेतल्यात. दुपारी वाकळा टांगल्या जातात, वहिनी समोर शेंगा निवडत बसतात आणि पिराजी वाजवतो. त्याची नजर ना तारांवर, ना पडद्यावर. ती वहिनींच्या तोंडावर. डावी भुवई वर गेली की बटण थोडं मागं. ओठ मुडपले की परत पहिल्यापासून. आणि शेंग हातात तशीच राहिली की समजायचं, जमलं. हवेसाठी हल्ली खिडकी अर्धी उघडी असते, त्यामुळं समोरच्या घरातल्या बायकांना हे सगळं दिसतं. त्या म्हणतात, चौगल्याला म्हातारपणी काय झालंय बाई, तासन् तास बायकोकडं टक लावून बसतो! परवा एकीनं मला गाठून विचारलंच. तिला खरं सांगणं माझ्या सहज हातात होतं. मी म्हणालो, "तुमी निसतं दुपारचं बगतासा, म्हनून एवढंच वाटतंय. सकाळी कसा टक लावून बसतोय, ते बगायला पायजे."