मोठ्या नणंदेची चाल

अख्ख्या जळगाव जामोदात रिक्षावाले जिला पाहून थांबत नाहीत, उलट वेग वाढवतात, अशी एकच बाई आहे आणि ती माझी मोठी नणंद आहे. आरोग्य केंद्रातून ती नर्स म्हणून निवृत्त झाली, पण ती बातमी अजून तिच्या पायांपर्यंत पोहोचलेली नाही. एका नवख्या रिक्षावाल्याने एकदा आपुलकीने तिला बसायला सांगितलं, तर आत बसलेल्या तीन धडधाकट बायांनाच तिने बोलता बोलता खाली उतरवलं आणि बाजारापर्यंत पायी नेलं.

बायांना छातीचा कर्करोग होऊ नये म्हणून जे जे आपल्या हातात आहे ते करायचं, हे तिचं व्रत. बारशाला गेली की पाळण्यात डोकावण्याआधी ती बाळंतिणीला अंगावर पाजतेस ना, म्हणून विचारते. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारा माझ्यापाशी दुसऱ्यांदा आला की चार पानं पलीकडून तिची मान हलते आणि तो मुकाट्याने पुढे सरकतो. पुण्याहून आलेल्या भाचीने थोडीशी वाइन हृदयाला चांगली असते असं सांगितलं, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "दिलाले चांगली असन बाई, पण छातीले काय?" हळदीकुंकवाला तर आंघोळ करताना बोटांनी गाठ कशी चाचपायची, ते तिने साडीवरूनच करून दाखवलं. बायांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांत आधी मी लावला आणि पदराआड तिळाची वडी खाऊन घेतली.

कारण तिच्या उपदेशाचा सर्वांत वाया गेलेला नमुना मीच. दिवसभर शाळेच्या ऑफिसात खुर्चीत बसायचं आणि त्या बसण्याचा थकवा घरी येऊन दिवाणावर आडवं होऊन घालवायचा, एवढाच माझा व्यायाम. पहाटे ती फाटकाशी येऊन हाक मारायची. मी नवऱ्याला "झोपली आहे म्हणा" असं कुजबुजायची, तेही इतक्या जोरात की तिला बाहेर ऐकू जायचं.

मग गेल्या हिवाळ्यात आंघोळ करताना माझ्या बोटांना डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागली. मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून स्वतःच तिच्या दारात उभी राहू लागले. इतक्या वर्षांचं चालणं आठवड्याभरात उरकून टाकावं, असा माझा बेत होता.

तिसऱ्या पहाटे सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती मधेच थांबली.

"बिनबोलावता येऊन राह्यली तू. काऊन वं? काय लपवून राह्यली?"

मी रस्त्यातच रडले. ती रागावली नाही. त्याच दिवशी तिने मला बसने बुलडाण्याला नेलं. सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत ती आमच्याकडेच राहिली आणि त्या दिवसांत एकदाही तिने मला चालायला सांगितलं नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले. रिपोर्ट आणायला पुन्हा दोघी गेलो. गाठ साधी निघाली.

परतीच्या बसमध्ये मी मोठ्या उत्साहाने जाहीर केलं की आता मी रोज चालणार, म्हणजे कसली भीतीच उरणार नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"चालल्यानं धोका कमी होते. टळतेच असं नाही," ती म्हणाली. "माही माय दिवसभर पायावर राहे. तिलेबी झालं. तिनं कोणाले सांगतलंच नाही."

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. कशाने, ते घरात कोणी बोललं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

हल्ली तिचे गुडघे दुखतात, पण ते तिला मान्य नाही. चढ आला की मी दमल्याचं सोंग करून कडेच्या दगडावर बसते. सोंग फारसं करावं लागत नाही, हा भाग वेगळा. "बैस जराशी," असं म्हणून केवळ माझ्या सोबतीसाठी म्हणून तीही शेजारी टेकते. समोर डोंगर उजळत असतो. थोड्या वेळाने ती गुडघ्यांवर हात ठेवून उठू बघते, आणि मी आणखी थोडी दमते.