पिवळं जाकीट

पाळी गावातली खनिजाची खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा मला तिथे फाटकावर नोकरी लागली. काम एकच. आत शिरणाऱ्या प्रत्येक टिपर ट्रकच्या केबिनमध्ये डोकावून बघायचं, आत मूल नाही ना. आमचं खनिज विकत घेणाऱ्या परदेशी लोकांनी तशी अटच घातली होती. एकाही मुलाचा हात या कामाला लागलेला दिसला तर माल घेणार नाही. मला पिवळं जाकीट मिळालं, गळ्यात शिट्टी आली. मी इतकी मिरवायचे की नवरा म्हणायचा, "कलेक्टरीणच झाली गो तू."

अट चांगली होती, आजही म्हणते. टिपर भरला की माती उडू नये म्हणून वर ताडपत्री पसरावी लागते, आणि ढिगावर चढायला हलकं माणूस बरं पडतं. म्हणून काही ड्रायव्हर घरचीच पोरं आणायचे. वरून पाय घसरला की खाली चाक. हे मी लहानपणापासून बघत आले होते, म्हणून कुणाची गय करत नव्हते. पोर दिसलं की शिट्टी, गाडी बाहेर. पोरं मला बघून रडायची. रडू देत, जिवंत तर राहतील, असं मी सगळ्यांना ऐकवायचे.

सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर होता. बायको वारलेली, सुट्टीत मुलीला सांभाळायला घरी कुणी नाही. एकदा मी दोघांना परत पाठवलं होतं. माणूस बडबड्या, दातांनी मात्र बेजार. पावसुद्धा चहात बुडवल्याशिवाय त्याला खाता यायचा नाही, आणि त्यावरून मी त्याची थट्टा करायचे.

त्या दिवशी खरेदीदारांची माणसं पाहणीला आली. त्यांची जीप रांगेत नेमकी याच्या टिपरमागे.

"भितर कोण आसा?" मी विचारलं.

"कोण नाय गो बाय, मी एकटोच."

एवढंच बोलला, आणि समोर बघत राहिला. मी सीटखाली पाहिलं, सीटमागे पाहिलं. कुणी नव्हतं. सीटवर फक्त एक काकण पडलं होतं, बेकरीतलं ते बांगडीसारखं कडक, एका बाजूने चावलेलं. मागून जीपचा हॉर्न वाजला. मी फाटक उघडलं.

दोन्ही गाड्या चढणीला लागल्या. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तशीच खाली घेतली. त्या दातांनी हा माणूस काकण चावेल कसा? आणि केबिनच्या टपावर नेहमी बांधलेली ताडपत्री आज तिथे नव्हती.

मुलगी मागे, माल भरायच्या हौद्यात होती. ताडपत्रीखाली.

फाटक ओलांडलं की वळणावर तिला उतरवायचं, असं त्याने ठरवलं असणार. पण मागे जीप होती. तो थांबणार कुठे? सरळ माल भरणाऱ्या पोकलेनखाली जाणार.

मी धावले. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. पायात गोळे आले, डोळ्यांत लाल धूळ. शिट्टी तोंडात धरली तर ओठ कोरडे, नुसती हवा जायची. वर पोहोचले तेव्हा भरलेलं बकेट हौद्यावर आलं होतं. ड्रायव्हर खाली उतरून बोंबलत होता, मध्येच केबिनमध्ये हात घालून हॉर्न दाबत होता. पोकलेनवाल्याला वाटत होतं, याला घाई झाली आहे. आमच्या खाणीत हॉर्नला कुणी भीक घालत नाही. शिट्टी म्हणजे मात्र थांबा.

ओठ चाटले आणि सगळा जीव ओतून फुंकली.

बकेट हवेत थांबलं. त्याच्या दात्यांतून चार दगड हौद्याच्या पत्र्यावर पडले. तो आवाज मला अजून झोपू देत नाही.

चाकावर पाय देऊन मी वर चढले आणि ताडपत्री ओढली. ती होती. अंगाचं मुटकुळं केलेली, घामाने भिजलेली, आपलाच हात तोंडावर गच्च दाबून. डोकं फुटलं नव्हतं, हातपाय जागेवर होते. मला रडूच कोसळलं.

तिने डोळे उघडले. वर लटकणाऱ्या बकेटकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिने बघितलं माझं पिवळं जाकीट.

"माझ्या बाबाक कामावरसून काढू नकात," ती म्हणाली. दात वाजत होते तिचे.

"ये गो बाय, ये," म्हणत मी हात पुढे केला.

ती माझ्यापासून लांब लांब सरकत गेली, बरोबर त्या बकेटखाली.