पाहणीआधीची झाडलोट

ती पहिल्यांदा नजरेत भरली ती पूर ओसरल्यानंतरच्या सकाळी. सगळे कपाळाला हात लावून बसले होते आणि ही बाई कुंपणाच्या तारेत अडकलेल्या चिंध्या-काटक्या एकेक करून काढत होती, लेकीच्या केसांतला गुंता सोडवावा तशी. लोक तिला टापटीपमावशी म्हणत. तिच्या गोठ्यात म्हशीसुद्धा पाय पुसून येत असतील, असं तिचे धाकटे दीर म्हणायचे.

नदीने तिच्या शेतावर वाळूचा जाड थर पसरला होता आणि खालचा बांध फोडला होता. पुढच्या पावसाआधी तो उभा राहिला नसता, तर उरलीसुरली मातीही नदीच्या घशात गेली असती. सरकारने तातडीची मदत जाहीर केली होती. वाळू उपसायला आणि बांध घालायला बराचसा खर्च मिळणार होता. त्यासाठी तपासनीस पाहणीला येणार, एवढंच मावशीच्या कानावर आलं. झालं! येणाऱ्या माणसाला काय पसारा दाखवायचा? तिने ट्रॅक्टर भाड्याने आणला, वरच्या अर्ध्या शेतातली वाळू एका कडेला लोटली आणि जमीन आरशासारखी करून टाकली.

तपासनीस दिवस कलताना आले. वरच्या शेताकडे बघतच राहिले.

"इथे वाळू होती ना?"

"होती की. काढली."

"कुणी सांगितलं काढायला?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही येणार होतात."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मावशी, आधी नुकसान बघायचं आणि मग काम, असा नियम आहे. जखम भरल्यावर बोलावलंत, तर डॉक्टर काय बघणार? बाकीचं उद्या सकाळी बघतो."

ते गेल्यावर दीर हळूच म्हणाले, "वहिनी, ढीग तिथेच आहे. उजाडायच्या आत पुन्हा पसरून टाकू."

"आणि ते बघून गेलेत त्याचं काय?"

"म्हणायचं, वाऱ्याने उडून आली."

"भाऊजी, एकदा काढलेला केर मी घरात घेत नाही."

"अहो, पण चिडून त्यांनी बांधालाही नकार दिला तर?"

"बांध मी कुठे झाडलाय? तो जसाच्या तसा पडलाय. बघू देत की."

सकाळी तिने तपासनिसांना सरळ बांधावरच नेलं. "वरचं माझं मी निस्तरेन, ते सोडा. हे बघा."

ते भगदाडात उतरले, टेपने मोजमाप घेतलं आणि वर बघत म्हणाले, "इथे कसा तुमचा हात फिरला नाही?"

"एवढा मोठा झाडू मिळाला नाही."

ते हसले. बांधाला आणि खालच्या अर्ध्या शेताला मदत मंजूर झाली. वरच्या अर्ध्याचा भुर्दंड मात्र तिच्यावरच पडला. त्यापायी एक म्हैस विकावी लागली, आणि तिचं रिकामं दावं मावशीने धुऊन खुंटीला टांगलं. बांध पावसाच्या तोंडावर पुरा झाला आणि टिकला.

हल्ली पूर ओसरला की ती दारोदार जाऊन बजावते, "पाहणी होईपर्यंत काडीलाही हात लावू नका." हे सांगताना हातात झाडू असतोच. शेताच्या कडेचा तो ढीग अजून आहे. घर बांधणारे येतात, वाळू भरून नेतात. ती पैसे घेत नाही. जाताना रस्ता झाडून जा, एवढंच सांगते.