चिमटा कुठल्या घरात होता

पहिलाच सूर खोटा लागला आणि शिरूरच्या त्या मंगल कार्यालयातली माणसं हसली. आधी पुढच्या रांगेतली, मग मागची. ऑर्केस्ट्रावाल्या उदयने हात वर करून गाणं थांबवलं, माईक जवळ ओढला आणि म्हणाला, "मंडळी, हे आपले दत्तूकाका. वय झालंय, कान जरा दगा देतो आता. पण दौंडवरनं एवढ्या लांब येतात हौसेनं. काकांसाठी एकदा जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. माझा भाऊ गळ्यात बेस गिटार अडकवून तसाच उभा राहिला. त्याने मान खाली घातली नाही, लोकांकडेही पाहिलं नाही. तो उदयच्या डाव्या हाताकडे पाहत होता. मी बाजूच्या खुर्चीत होते, त्याच्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. त्या कार्यक्रमानंतर दत्तू कधी स्टेजवर चढला नाही. काही आठवड्यांनी सकाळी चहा पिता पिता गेला. अपमानाने गेला असं मी म्हणणार नाही. त्याच्या हृदयाचं दुखणं जुनं होतं, गोळ्या चालू होत्या. पण तो खोटा सूर त्याचा नव्हता. तो त्याच्या नावावर ठेवून आम्ही त्याला जाळून आलो, आणि त्याचा मला राग आहे.

मी त्याची थोरली बहीण. आमचं गाव वडगाव रासाई. माझी शाळा चौथीपर्यंत, त्याची दहावीपर्यंत. तो रेल्वेत फिटर म्हणून लागला आणि दौंडला राहायला गेला. माझा नवरा गेल्यावर मीही त्याच्याकडे आले, ती तिथलीच झाले. त्याने लग्न केलं नाही. का केलं नाही ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणतात, म्हणून आधीच सांगते, दत्तू सोबतीला सोपा नव्हता. मी टीव्ही लावला की आतून ओरडायचा. कुकरची शिट्टी वाजली की "ह्यो कुठला सूर म्हणायचा?" म्हणून तोंड वाकडं करायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचा नाही, ताट सरकवून उठायचा, आणि मग मी दिवसभर त्याला शिव्या घालायची.

बेस त्याला एका ख्रिश्चन गार्डने शिकवला. रेल्वेच्या चाळीत शेजारी राहायचे, सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. त्यांच्याकडे चार जाड तारांची गिटार होती. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी जो घुमतो तो आवाज. तो आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, चुकला की मात्र सगळ्यांना कळतं. गार्डसाहेबांनी दत्तूला एक गोष्ट शिकवली होती. स्टेजवर ढोल, स्पीकर, माणसं यांचा इतका गलका असतो की आपलीच तार आपल्याला ऐकू येत नाही. अशा वेळी आवाजाची कळ पूर्ण बंद करायची, गिटारच्या अंगाला वर शिंगासारखं लाकडी टोक असतं त्यावर जबडा टेकायचा आणि तार हलकेच छेडायची. सूर हाडातून कानात येतो. बाहेर कोणाला काही कळत नाही. एकदा त्याने मलाही ते करायला लावलं. "आक्का, हनवटी टेक. दात मिटून धर." मी टेकली. डोक्याच्या आत कुणीतरी जात्याचा खुंटा धरून फिरवावं तसं झालं. मी म्हटलं, "मेल्या, कवळी पडंल माझी." तो असा हसला की खोकला लागला.

नोकरीतून सुटल्यावर तो शिरूरच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला. वाढदिवस, साखरपुडे, गावोगावच्या यात्रा. बेस खांद्याला लावून एस.टी.ने जायचा. एक कंडक्टर त्याला दर वेळी विचारायचा, "काका, ह्याचं हाफ तिकीट काढू का फुल?" दत्तू म्हणायचा, "ज्येष्ठ नागरिक हाय त्यो. माझ्यापरास म्हातारा." कार्यक्रम दिवसाउजेडी असला तर मीही जायची. घरात बसून काय करायचं होतं? ऑर्केस्ट्रा उदयचा. तो गिटार वाजवतो, गातो, शिरूरला क्लास घेतो. माणूस हुशार आहे, ते मी नाकारत नाही. निमोण्याच्या यात्रेत मी त्याच्याकडे तो चिमटा पहिल्यांदा पाहिला. त्याला कॅपो म्हणतात, मी चिमटाच म्हणते. गिटारच्या दांड्यावर घरं असतात. त्यातल्या एखाद्या घरात हा चिमटा लावला की सगळ्या तारा एकदम दाबल्या जातात आणि सगळी गिटार वरच्या सुरात जाते. वाजवणाऱ्याला सोपं. बोटं रोजच्यासारखीच ठेवायची, सूर आपोआप बदलतो. बेसला असला चिमटा लावत नाहीत. बेसवाल्याने मनात हिशेब करून आपला सगळा हात हलवायचा. पण त्यासाठी चिमटा कुठल्या घरात आहे हे त्याला कळलं पाहिजे ना? निमोण्याला उदयने सुराचं नाव सांगितलं, नुसतं "जी". दत्तूने जी वाजवला. उदयच्या बोटांचा आकार जीचाच होता, पण चिमट्यामुळे निघत होता भलताच सूर. दोघांचं जे काही मिळून वाजलं, ते ऐकून स्टेजमागची कुत्री उठून गेली.

गाणं संपल्यावर पडद्यामागे दोघांची जुंपली. "चिमटा लाव न्हाईतर पक्कड लाव," दत्तू म्हणाला, "पण कुठल्या घरात लावलास ते बोंबल की आधी!"

"काका, कान कशाला दिलेत देवानं?"

"कान हाय म्हणूनच सांगतोय. दुसऱ्या मात्रेला मी तुला गाठतो. पहिलीला काय करू? पहिली मात्रा माझी असती. तिथं तू मला खड्ड्यात घालतोस आन् लोकं म्हणत्यात, म्हातारा पडला."

ड्रम वाजवणारा बबन तिथेच कांदाभजी खात होता. तो म्हणाला, "उदयदादा, बोटं दाखवत जा ना. तुमचं काय जातंय?" तेव्हापासून ती रीत पडली. गाणं सुरू व्हायच्या आधी उदय उजवा हात मांडीपाशी नेऊन बोटं दाखवायचा. जितकी बोटं, तितक्या घरात चिमटा. मूठ म्हणजे चिमटा नाही. पुढे मोबाईलवर बघून बघून त्याने तारा ढिल्या करायचं नवं खूळ काढलं, तेव्हा अंगठा खाली म्हणजे तारा उतरवल्या आहेत, असं ठरलं. दत्तू घरी येऊन म्हणायचा, "आक्का, ह्याच्या गिटारीत दिसतं एक आन् वाजतं एक. सगळ्या घरांवरच्या पाट्या बदलून ठेवल्यात, आन् मी आपला पोस्टमन." मग तासन् तास आत बसायचा आणि तेच गाणं या घरातून, त्या घरातून, उतरवलेल्या तारांच्या सुरातून वाजवून बघायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण बोटं मोजता येतात मला. तेवढी शाळा झालेली आहे.

म्हणून त्या दिवशी काय झालं ते मी सांगू शकते. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. दुपारचा कार्यक्रम. पुढाऱ्याच्या भाचीला गायचं होतं. उदयने मांडीपाशी दोन बोटं दाखवली. दत्तूने मान हलवली आणि मागच्या स्पीकरच्या पेटीचा आवाज वाढवायला वळला. एवढ्यात ती पोरगी उदयच्या कानाशी काहीतरी बोलली. पट्टी खाली वाटत असावी तिला. उदयने चिमटा उचलला आणि दोन घरं पुढे नेऊन लावला. दत्तूची पाठ होती. पुन्हा बोटं दाखवायला हवी होती, ती त्याने दाखवली नाहीत. विसरला असेल. माणूस विसरतो, त्याबद्दल मी त्याला फाशी द्या म्हणत नाही. दत्तू वळला तोवर बबनने काठ्या वाजवून चार मोजले होते. हनुवटी टेकायला सवड कुठे होती? दत्तूने दोन बोटांचा सूर वाजवला. जो सांगितला होता तोच, चोख... आणि तो खोटा ठरला. दत्तूने चिमट्याकडे पाहिलं. उदयने त्याला पाहताना पाहिलं. चूक कोणाची हे दोघांनाही त्याच वेळी कळलं होतं. त्यानंतर उदयने माईक ओढला आणि टाळ्या मागितल्या.

पुढची सगळी गाणी दत्तूने बिनचूक वाजवली. परतताना टेम्पोत मी त्याला विचारलं, "तोंड शिवलं व्हतं का तुझं? माईक तुझ्याबी हातभर अंतरावर व्हता."

"स्टेजवर भांडत नसत्यात, आक्का."

"आन् स्टेजवर अब्रू काढत्यात व्हय?"

"गाणं उभं हाय तवर सगळी एका घरची माणसं," तो म्हणाला. "सांगंल त्यो. पोरीपुढं लाजला आसंल. उद्या फोन करंल." मी म्हटलं, "करतोय. बस वाट बघत." फोन आला नाही. दत्तूनेही केला नाही. कार्यक्रमाची बोलावणी थांबली. बेसवर एक कॉलेजचा मुलगा उभा राहिला, असं कळलं. दत्तू रोज बेस पुसायचा, जबडा टेकायचा, कळ बंद ठेवूनच वाजवायचा. मी म्हणायची, "आवाज सोड की, आता कोण बघतंय?" तो नुसता हात हलवायचा. या गप्प बसण्याचा मला उदयइतकाच राग येतो. भांडला असता तर चार माणसांना कळलं असतं. याने घरंदाजपणा जपला आणि ते निस्तरायला मला मागे ठेवलं.

शोकसभा शिरूरला त्याच कार्यालयात झाली. उदय चांगलं बोलला. बोलता येतं त्याला. डोळे पुसले. म्हणाला, "शेवटी शेवटी काकांना सूर लागत नव्हता, पण त्यांचं मन मोडू नये म्हणून आम्ही त्यांना सांभाळून घेतलं." आजूबाजूच्या बाया च्च च्च करायला लागल्या. मी उठून उभी राहिले. "उदय," मी म्हटलं, "त्या दिवशी तू दोन बोटं दाखवलीस, मग चिमटा हलवलास. परत बोटं दाखवलीस का?" तो म्हणाला, "आक्का, तुम्ही दुःखात आहात, बसा." मी म्हटलं, "दुःखात हायच. आंधळी न्हाई. दाखवलीस का?" कोणीतरी माझा दंड धरला. मी बबनकडे पाहिलं. तो ड्रमवर उंच बसतो, त्याला सगळं दिसतं. बबन चपलेचा अंगठा नीट करत होता. माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला गेला आणि सभा पुढे चालू झाली. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मागे कोणीतरी म्हणालं. ते मला चांगलं ऐकू आलं.

नंतर बबन दौंडला घरी येऊन गेला. उंबऱ्याच्या आत आला नाही. "आक्का, मी बघितलं व्हतं," म्हणाला. "पण मला त्याच्याच ऑर्केस्ट्रात वाजवायचंय." मी म्हटलं, "मग मला कशाला सांगतोस? भिंतीला सांग." तरी चहा दिला. उभ्यानेच पिऊन गेला. गेल्या आठवड्यात उदय आला, गाडी घेऊन. त्याला दत्तूचा बेस हवा होता. क्लासमध्ये भिंतीवर लावणार, वर फोटो, फोटोला हार. "पोरांना प्रेरणा मिळेल, आक्का."

मी म्हटलं, "घेऊन जा. पण आधी त्याच माईकवर, तितक्याच माणसांत सांग, चिमटा मी हलवला, काकांचा सूर बरोबर होता."

"आता जुनं कशाला उकरायचं? काका तर माफ करून गेले."

"त्यानं केलं आसंल. त्यो मेला. मी केलेलं न्हाई."

तो बेसकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. मग म्हणाला, "आक्का, लोक काय म्हणतील मला?" त्याच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य मला खरं वाटलं. मी दार उघडून धरलं. तो मोकळ्या हाताने गेला.

बेस माझ्या खोलीत कोपऱ्यात उभा आहे. सगळ्या अंगाचा रंग अजून काळाभोर आहे, फक्त वरच्या शिंगावर, जिथे दत्तूचा जबडा टेकायचा, तिथला रंग उडून आतलं लाकूड दिसतं. रुपयाएवढी जागा, हात फिरवला तर गुळगुळीत लागते. माझा उजवा कान आता जवळजवळ गेलाय. कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही, शेजारीण येऊन गॅस बंद करते. पण मी त्या जागेवर हनुवटी टेकते, दात मिटते आणि जाड तार छेडते, तेव्हा स्वच्छ ऐकू येतं. तार उतरलेली नाही. त्याने शेवटची जिथे लावली तिथेच आहे, मी खुंटीला हात लावलेला नाही.

त्या दुपारी चिमटा हलला तो तिघांनी पाहिला. उदयने, बबनने आणि मी. तिघेही जिवंत आहोत.